शिट्टी न वाजवणारा कोच

जळगाव-धुळ्याकडच्या कॉलेजात ‘फिजिकल डायरेक्टर’ बहुधा एकटाच असतो. सकाळी कबड्डी, दुपारी खेळाडूंचे फॉर्म, संध्याकाळी व्हॉलीबॉलचं नेट, सगळं त्याच्याच गळ्यात. अशा माणसाला अमेरिकन फुटबॉलशी काय देणंघेणं? मलाही टीव्हीवरच्या त्या झगमगाटात रस नाही. पण कॉलेज-फुटबॉलमध्ये सर्वाधिक सामने जिंकलेला कोच झगमगाटातला नव्हताच.

जॉन गलार्डी १ नोव्हेंबर १९२६ रोजी कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाड गावी जन्मला. दुसऱ्या महायुद्धात त्याच्या शाळेचा कोच सैन्यात गेला आणि संघ मोडायची वेळ आली. तेव्हा सोळा वर्षांच्या या कप्तानाने संघ आपल्या हाती घेतला. पहिलं काम केलं ते दमछाक करणारे, निरर्थक व्यायाम बंद करण्याचं. दुसरं, सरावात पाणी पिऊ द्यायचं. पाणी मागणं म्हणजे कच्चेपणा, असं मानण्याचा तो काळ होता. एप्रिल-मे महिन्यांत जळगावच्या ग्राउंडवर उभं राहिलेल्याला या सुधारणेची किंमत समजावून सांगावी लागणार नाही.

१९४९ मध्ये, बाविसाव्या वर्षी, तो माँटाना राज्यातल्या कॅरोल कॉलेजात लागला. तिथे बास्केटबॉलही त्याच्याकडेच. १९५३ मध्ये मिनेसोटातल्या सेंट जॉन्समध्ये आला. बेनेडिक्टाइन साधूंनी चालवलेलं, मुलांचं छोटं कॉलेज. इथे काही वर्षं आइस हॉकीही सांभाळली. म्हणजे आपल्या सरांसारखाच, पडेल तो खेळ बघणारा.

त्याची पद्धत मात्र जगावेगळी. सरावात कुणी कुणाला जमिनीवर पाडायचं नाही, आणि हा अंगावर कोसळण्याचाच खेळ! शिट्टी नाही, धक्के मारायच्या जड ढकलगाड्या नाहीत, वजनं उचलण्याची सक्ती नाही. सराव दीड तासाच्या आत संपायचा. त्याला ‘कोच’ म्हणायचं नाही, नुसतं ‘जॉन’. व्यायामाच्या नावाखाली मुलं कधी पाठीवर पडून आभाळ बघत आणि आज दिवस किती छान आहे, असं एकमेकांना सांगत. येईल त्याला संघात जागा असे, त्यामुळे पोरांची संख्या दीडशेच्या वर जाई.

पुढे सेंट जॉन्स अमेरिकी कॉलेज-खेळांच्या ज्या तिसऱ्या श्रेणीत खेळू लागलं, तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. पोरगा फी भरतो, अभ्यास करतो आणि वर खेळतो. खानदेशातल्या कबड्डीपटूची गोष्ट यापेक्षा फार वेगळी नाही. आपल्याकडे २०१२ मध्ये अमेरिकन फुटबॉल आला तो उलट्या वाटेने. आधी टीव्हीसाठी लीग काढली, सामने कोलंबोत झाले, पहिलं विजेतेपद ‘पुणे मराठाज’ने मिळवलं. पाठीशी ना शाळा, ना कॉलेज. तो इथे रुजला नाही, याचं मला नवल वाटत नाही.

आपल्या फिजिकल डायरेक्टरला या खेळाशी जोडणारा खरा धागा दुसरीकडेच आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण संस्थेत १८९० च्या सुमारास ॲमोस अलोंझो स्टॅग याने फुटबॉलचा संघ उभा केला. बास्केटबॉलचा जनक जेम्स नेस्मिथ त्यात खेळला. त्याच संस्थेतून आलेल्या हॅरी क्रो बकने १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचं कॉलेज सुरू केलं. आपल्या फिजिकल डायरेक्टरच्या पेशाची एक मुळी तिथे जाते. आणि तिसऱ्या श्रेणीचा अंतिम सामनाही याच स्टॅगच्या नावाने, ‘स्टॅग बाऊल’ म्हणून, खेळला जातो.

२००३ च्या नोव्हेंबरात गलार्डीने ४०९ वा विजय मिळवून ग्रॅम्बलिंग विद्यापीठाचा कोच एडी रॉबिन्सन याचा ४०८ विजयांचा विक्रम मागे टाकला. त्याच हंगामात त्याच्या संघाने माउंट युनियन कॉलेजला स्टॅग बाऊलमध्ये २४-६ असं हरवलं. १९६३, १९६५ आणि १९७६ नंतरचं हे चौथं राष्ट्रीय विजेतेपद. २०१२ मध्ये थांबला तेव्हा हिशेब होता ६४ हंगाम, ४८९ विजय, १३८ पराभव, ११ बरोबरी. २०१८ मध्ये तो गेला.

महाराष्ट्रात कॉलेजचे सर सर्वसाधारणपणे साठाव्या वर्षी निवृत्त होतात. तो नियम गलार्डीला लागला असता, तर १९८६ मध्येच सत्कार, शाल, श्रीफळ झालं असतं. २००३ चा विक्रम आणि ते चौथं विजेतेपद, दोन्ही त्यानंतरचं.