भिन्न कालखंडांतील मल्लांची कल्पित जोड : एक विवेचन

खानदेशातील यात्रांतून कुस्त्यांची दंगल आटोपली, हलगी थांबली, की फडाच्या कडेला दुसरी दंगल सुरू होते. तीत मल्ल प्रत्यक्ष हजर नसतात, केवळ त्यांची नावे झुंजतात. गणपतराव आंदळकर आणि विजय चौधरी यांची कुस्ती लागली असती, तर कोणाची पाठ लागली असती? अशा प्रश्नांवर जाणती माणसेही हिरिरीने वाद घालतात. धुळ्याला या वादात बोलण्याचा काहीसा जुना अधिकार आहे. १९६१ साली तत्कालीन औरंगाबाद येथे महाराष्ट्र केसरी किताबाची परंपरा सुरू झाली आणि दुसऱ्याच वर्षी, १९६२ मध्ये, हा मान धुळे शहराला लाभला. त्या वर्षी भगवान मोरे विजयी झाले. त्यानंतर अर्धशतक उलटल्यावर चाळीसगाव तालुक्यातील सायगावच्या विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ व २०१६ अशी सलग तीन वर्षे हा किताब पटकावला. देवपूर असो वा जळगाव, येथील कुस्तीशौकिनांच्या कल्पित दंगलीत चौधरी यांचे नाव अग्रभागी असावे, हे स्वाभाविक आहे.

कुस्तीच्या परिभाषेत 'जोड' या शब्दाला विशेष महत्त्व आहे. फडावर जाणकार मंडळी दोन पहिलवानांना शेजारी उभे करून त्यांची अंगकाठी, वजन, वय व तालीम पाहतात आणि जोड तुल्यबळ वाटली तरच कुस्ती लावतात. कल्पित कुस्तीला हीच कसोटी लावणे आवश्यक असते. परंतु नेमकी तीच पायरी वगळून थेट निकालाकडे धाव घेतली जाते.

दूरचित्रवाणीवरील व्यावसायिक कुस्तीपुरता हा प्रश्न सोपा आहे. १७ मार्च २००२ रोजी टोरांटो येथील रेसलमेनियामध्ये हल्क होगन व द रॉक या दोन पिढ्यांच्या नायकांची लढत झाली. तेथे निकाल लढतीपूर्वीच ठरलेला असतो. त्यामुळे अशी जोड ही नाट्यलेखनाची बाब ठरते. मुष्टियुद्धात मात्र एकदा यंत्राकरवी निकाल काढण्याचा प्रयत्न झाला. अपराजित निवृत्त झालेले रॉकी मार्सियानो आणि मुहम्मद अली यांची माहिती संगणकाला पुरवून त्यांच्या कल्पित लढतीचा चित्रपट तयार करण्यात आला व तो १९७० च्या जानेवारीत प्रदर्शित झाला. अमेरिकेतील प्रेक्षकांना तेराव्या फेरीत मार्सियानो जिंकल्याचे दाखविले गेले; युरोपात दाखविलेल्या प्रतीत अली विजयी झाले. संगणकाचे नाव पुढे करून प्रेक्षकांची आवड जपली गेली, असेच म्हणावे लागते.

कुस्तीच्या बाबतीत अधिक विचार करावयास लावणारा पुरावा गामा पहिलवान यांच्या चरित्रात सापडतो. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामा व पोलंडचे स्तानिस्लाव झिबिस्को यांची कुस्ती झाली. झिबिस्को बहुतांश वेळ गादीला चिकटून पालथे राहिले आणि सुमारे अडीच तासांनंतरही निकाल लागला नाही. पुढे १९२८ मध्ये पतियाळा येथे हेच दोघे पुन्हा भिडले, तेव्हा गामांनी एक मिनिटही पुरते होण्यापूर्वी प्रतिस्पर्ध्याला चीत केले. मल्ल तेच, परंतु मैदान बदलले आणि निकालही बदलला. अर्थात या दोन कुस्त्यांमध्ये अठरा वर्षांचे अंतर होते व दोघेही पन्नाशीच्या घरात आले होते. त्यामुळे हा बदल मैदानाचा किती आणि वयाचा किती, हे वेगळे काढता येत नाही. जेथे प्रत्यक्ष घडलेल्या कुस्तीची कारणे इतकी गुंतलेली असतात, तेथे न घडलेल्या कुस्तीविषयी छातीठोकपणे बोलणे धाडसाचे ठरते.

मैदान बदलल्याने नेमके काय बदलते, हे येथे पाहणे उचित होईल. हौद्यातील मऊ मातीत पाय रुततो, वेग मंदावतो आणि पकडीला महत्त्व येते. प्रतिस्पर्ध्याचा जांघिया धरून डाव टाकता येतो. पारंपरिक निकाली कुस्तीला वेळेचे बंधन नसते. दोन्ही खांदे जमिनीला टेकले तरच निकाल. म्हणून खाली पालथे पडून राहणे हा तेथे मान्य बचाव आहे, आणि समोरच्याला थकविणे ही नीती आहे. गादीवर चित्र उलटे होते. पायात बूट असतात, पट काढण्याच्या चपळाईला फळ मिळते, पाठ क्षणभर जमिनीकडे झुकली तरी गुण जातात आणि निष्क्रिय राहणाऱ्यास दंड होतो. हेलसिंकी येथे १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीचा अवधी पंधरा मिनिटांचा होता. २०१३ च्या सुधारणेपासून तो तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांचा आहे, आणि मुक्त शैलीत दहा गुणांची आघाडी मिळताच कुस्ती थांबविली जाते. पंधरा मिनिटांच्या दमसासावर घडलेल्या मल्लाला सहा मिनिटांत तोलणे, अथवा याच्या उलट करणे, म्हणजे एकाला आपल्या घरी आणि दुसऱ्याला परक्या घरी खेळविणे होय.

महाराष्ट्र केसरी स्पर्धेची रचना या दृष्टीने लक्षणीय आहे. माती विभागातील विजेता व गादी विभागातील विजेता यांच्यात किताबाची लढत होते. म्हणजे दोन परंपरांची जोड, जी अन्यत्र कल्पनेत लावावी लागते, ती येथे प्रत्यक्ष लागते. २०२० च्या जानेवारीत पुण्यात हर्षवर्धन सदगीर व शैलेश शेळके अंतिम फेरीत आले. सदगीर गादीवरून, शेळके मातीवरून. सदगीर यांनी ३–२ अशा निसटत्या फरकाने बाजी मारली. दोघेही काका पवार यांच्याच तालमीतील होते, हा तपशील बोलका आहे. आजचा मल्ल माती व गादी दोन्हींवर घडतो. जुन्या व नव्याची सीमारेषा वाद घालणारे मानतात तितकी ठळक नाही.

आणखी एक युक्तिवाद वारंवार ऐकू येतो. 'क्ष'ने 'य'ला पाडले, 'य'ने 'ज्ञ'ला पाडले, म्हणून 'क्ष' हा 'ज्ञ'पेक्षा श्रेष्ठ. २०१६ च्या अंतिम लढतीत चौधरी यांनी अभिजित कटके यांना हरविले. कटके २०१७ मध्ये स्वतः महाराष्ट्र केसरी झाले. २०१८ मध्ये जालना येथे बाला रफीक शेख यांनी कटके यांना नमविले. यावरून चौधरी व शेख यांच्याविषयी काहीही सिद्ध होत नाही, कारण २०१६ चे कटके व २०१८ चे कटके हे अनुभवाने दोन निरनिराळे मल्ल होते. साखळी जितकी लांबवावी तितका हा दोष वाढतो. प्रत्येक पिढीत चढत्या वयाचा तरुण उतरत्या वयाच्या ज्येष्ठाला हरवितो. ज्येष्ठाची झीज तरुणाच्या बळात जमा होत जाते आणि नवा मल्ल आहे त्याहून मोठा भासू लागतो.

मग आंदळकर आणि चौधरी यांची जोड लावूच नये काय? लावावी; मात्र अटी आधी सांगाव्यात. धुळ्यात किताबाची लढत झाली त्याच १९६२ साली जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत आंदळकर यांनी ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्ण आणि मुक्त शैलीत रौप्यपदक मिळविले. त्याच स्पर्धेत मारुती माने यांनी मुक्त शैलीत सुवर्ण व ग्रीको-रोमनमध्ये रौप्य पटकावले. कंबरेखाली पकड निषिद्ध असलेल्या परदेशी प्रकारात मातीतला मल्ल आशियात पहिला येतो, तेव्हा 'जुने पहिलवान गादीवर टिकले नसते' हे विधान मागे घ्यावे लागते. दोघेही वरच्या वजनाचे, दोघेही आपल्या काळातील अव्वल. वस्तादांच्या कसोटीवर ही जोड तुल्यबळ ठरते. निकाली कुस्ती असेल तर पारडे आंदळकरांकडे झुकावे, आणि सहा मिनिटांची गुणांची लढत असेल तर चौधरी यांच्याकडे, एवढे अनुमान सयुक्तिक दिसते.

मात्र या कल्पित फडावर एक नाव बहुधा पुकारलेच जात नाही. कराड तालुक्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. तोपर्यंत त्यांचा सराव मातीवरचा होता. चार वर्षांनी हेलसिंकी येथे ५७ किलो गटात त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मैदान व नियम बदलले असता मल्ल स्वतःला किती बदलू शकतो, याचा याहून स्वच्छ पुरावा मराठी मुलुखात क्वचितच मिळेल. १९८४ मध्ये अपघाती निधन झालेल्या खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० सालचा. लोकांच्या कल्पनेत कुस्ती म्हणजे शंभर किलोंच्या वरचे देह. तेथे ५७ किलोंच्या माणसाला जोड मिळत नाही. महाराष्ट्र केसरीचा गट ८६ ते १२५ किलो वजनाचा आहे. हेलसिंकीचे खाशाबा जसेच्या तसे आज तराजूवर उभे राहिले, तरी त्या गटात त्यांचे नाव नोंदवून घेतले जाणार नाही.