डायनोसॉर, डोंगरावरचे देव आणि मधुमेहींचे तळवे

सुट्ट्या जवळ आल्या की दवाखान्यात काही माणसे आजारी नसतानाही येतात. कोणाला गाडी लागू नये म्हणून गोळी हवी असते, कोणाला वडिलांचा रक्तदाब निघण्यापूर्वी एकदा मोजून हवा असतो. गेल्या पंधरवड्यात असेच एक गृहस्थ आले. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पोरं डायनोसॉर डायनोसॉर करून डोकं खायलेत, आणि आमची माय म्हणती मला डोंगरावरचा देव दाखवा. दोन दिवसांत दोन्ही बसवायचंय. मायला शुगर हाय बारा वर्षांपासून. न्यावं का नको?"

न्यावे, असेच माझे उत्तर होते. मधुमेह आहे म्हणून म्हातारीला कुलूप लावून घरी ठेवायचे दिवस गेले. मात्र सहल आखताना आपण गाडी, लॉज आणि जेवणाचा डबा यांचा विचार करतो, पायांचा करत नाही. आजचा लेख मुख्यतः पायांविषयी आहे. पण आधी जायचे कुठे ते पाहू, कारण हा प्रश्न त्या एकट्या गृहस्थांचा नाही.

मुले हमखास विचारतात की आपल्या मुरुडच्या शिवारात डायनोसॉरची हाडे का सापडत नाहीत? विहिरी तर एवढ्या खोल खणतो. याचे उत्तर विहिरीतच आहे. आपल्या पायाखालचा काळा पाषाण हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून बाहेर आलेल्या लाव्हारसाचा थर आहे. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी तिथे खोल बोअर घेतले, तेव्हा हा थर तीनशे मीटरहून जाड निघाला. डायनोसॉरच्या काळातली जुनी माती जिथे कुठे असेल तिथे ती या पाषाणाच्या खाली दडलेली आहे. जिथे पाषाण संपतो किंवा झिजून गेला आहे, तिथेच ती उघडी पडते.

असे एक ठिकाण आपल्याच राज्यात आहे. चंद्रपूर जिल्ह्यात, वरोरा तालुक्यातले पिसदुरा. तिथे डायनोसॉरची हाडे तर मिळालीच, पण त्यांची दगड झालेली विष्ठाही मिळाली. आम्हा डॉक्टरांना याचे विशेष कौतुक, कारण शास्त्रज्ञांनी तिची चक्क मलतपासणी केली! २००५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या विष्ठेत गवताचे सूक्ष्म कण सापडल्याचे दाखवले गेले. तोपर्यंत डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतेच असा समज होता. बेल्जियममध्ये मिळालेल्या अशाच एका नमुन्यात तर जंतांची अंडीही दिसली आहेत. म्हणजे जंतांचे औषध नको म्हणून तोंड फिरवणाऱ्या नातवाला सांगायला एक गोष्ट झाली. पण पिसदुऱ्याला म्हातारी माणसे आणि लहान मुले घेऊन जाण्याचा सल्ला मी देणार नाही. ते संशोधकांचे रान आहे. तिथे सांगाडा उभा केलेला नाही, सावली नाही, आणि जीवाश्म उचलून पिशवीत घालणे योग्यही नाही.

कुटुंबासाठी सोयीचे म्हणजे हैदराबाद. नौबत पहाड नावाच्या टेकडीवर संगमरवरी बिर्ला मंदिर आहे. व्यंकटेशाचे हे मंदिर १९७६ साली खुले झाले. त्याच टेकडीवर, अगदी शेजारी, बिर्ला विज्ञान केंद्र आहे आणि त्यात डायनोसॉरचा सांगाडा उभा आहे. आजीचा देव आणि नातवाचा डायनोसॉर एकाच टेकडीवर! दुसऱ्या दिवशी सुमारे साठ किलोमीटरवरच्या यादगिरीगुट्ट्याला लक्ष्मी-नरसिंहाचे दर्शन करता येते. टेकडीवरचे हे मंदिर पूर्ण नव्याने बांधून २०२२ च्या मार्चमध्ये भाविकांसाठी पुन्हा उघडले आहे.

या सांगाड्याविषयी मुलांना आधी थोडे सांगून ठेवावे, नाहीतर ती पाच मिनिटांत पाहून बाहेर येतात आणि आइस्क्रीम मागतात. याचे नाव कोटासॉरस. गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचाजवळ कोटा नावाचे गाव आहे, त्यावरून तिथल्या खडकांना आणि खडकांवरून या प्राण्याला नाव मिळाले. हाडे सापडली ती तेलंगणाच्या बाजूला यामनपल्लीजवळ, १९७० च्या दशकाच्या अखेरीस. किमान बारा प्राण्यांची मिळून आठशेवर हाडे होती. प्राणी शाकाहारी, लांब मानेचा, सुमारे नऊ मीटर लांब. गंमत म्हणजे कवटी मिळाली नाही, फक्त दोन दात मिळाले. तेव्हा मुलांनी डोके पाहून घाबरायचे कारण नाही, ते अंदाजाने बसवलेले आहे. १९८८ साली या प्राण्याचे वर्णन करून त्याला नाव देणाऱ्या भूशास्त्रज्ञांचे आडनाव यादगिरी. दुसऱ्या दिवशी ज्या टेकडीवर जायचे तिचेही नाव तेच, हा योगायोग मुलांच्या चांगला लक्षात राहतो. आणि आपल्या मांजरेचे पाणी गोदावरीला मिळून पुढे त्याच सिरोंच्यावरून वाहत जाते, हेही सांगावे.

आता आरोग्याकडे वळू. मुरुडहून हैदराबाद तीनशे किलोमीटरच्या वर आहे. औसा, उमरगा, हुमनाबाद, झहीराबाद असा रस्ता धरला तरी खाणेपिणे धरून सात-आठ तास जातात. माझे मत विचाराल तर म्हातारी माणसे बरोबर असतील तर लातूरहून उदगीर, बिदरमार्गे जाणारी रेल्वे बरी. पाय लांब करता येतात आणि लघवीची पंचाईत होत नाही. बायकांचे एक सांगतो. वाटेत लघवीला जागा मिळणार नाही म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि परतल्यावर मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग घेऊन आमच्याकडे येतात. जीपने जाणार असाल तर दर दोन तासांनी गाडी थांबवा, सगळ्यांना उतरवा आणि पाच मिनिटे चालवा. पाय लोंबकळत ठेवून तासन्‌तास बसल्याने पोटऱ्यांच्या शिरांत रक्त साकळू शकते.

मुख्य मुद्दा मात्र पुढचाच आहे. दहा-बारा वर्षे मधुमेह असलेल्या पुष्कळ माणसांच्या पायांच्या नसा निकामी होत जातात. सुरुवातीला मुंग्या येतात, तळव्यांची आग होते, कापसावर चालल्यासारखे वाटते. पुढे काहीच वाटत नाही, आणि रोगी म्हणतो, "आता पाय बरे आहेत." चालताना चप्पल पायातून निसटते आणि दहा पावलांनंतर कोणीतरी दाखवल्यावर कळते. अशी खूण घरात दिसली तर सावध व्हावे.

अशा पायांनी माणूस चैत्र-वैशाखातल्या दुपारी देवळाच्या फरशीवर अनवाणी उभा राहतो. दगड तापून तव्यासारखा झालेला असतो. तुम्ही-आम्ही टाचा उचलून सावलीकडे पळतो. त्याला चटका जाणवतच नाही, म्हणून तो रांगेत शांत उभा राहतो. भाजायला उकळते पाणीच लागते असे नाही. ५० अंशांच्या आसपासच्या पृष्ठभागावर पाय काही मिनिटे टेकून राहिला तरी कातडी भाजते. माझ्याकडे एका यात्रेहून परतलेले एक शेतकरी आले होते, पंचावन्नच्या आसपासचे. दोन्ही तळव्यांना पावलीएवढाले फोड आलेले आणि एक फुटलेला. त्यांना केव्हा कळले? सकाळी अंथरुणावरच्या चादरीला डाग दिसला तेव्हा. डाव्या पायाचा घाव चिघळत गेला. अखेरीस दोन बोटे काढावी लागली, आणि पेरणीचा तो सगळा हंगाम त्यांचा खाटेवर गेला. तेव्हापासून यात्रेला निघालेल्या प्रत्येक मधुमेही माणसाला मी आधी पाय दाखवायला सांगतो.

पायांची एक सोपी तपासणी घरीच करता येते. म्हाताऱ्या माणसाला आडवे करून डोळे मिटायला सांगा. आपल्या बोटाच्या टोकाने त्यांच्या पायाचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांना एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करा. दाबू नका, घासू नका. दोन्ही पाय मिळून सहा स्पर्श होतात. प्रत्येक स्पर्शाला त्यांनी "लागला" म्हणावे. सहांपैकी दोन किंवा अधिक स्पर्श कळले नाहीत तर ते पाय धोक्याचे समजा आणि निघण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवा. हे काम नातवाला द्यावे, पोरे ते फार मन लावून करतात.

धोक्याचे पाय निघाले म्हणून सहल मोडू नका, फक्त दिवसाचा क्रम बदला. सकाळी लवकर किंवा दिवस मावळल्यावर देऊळ, आणि दुपारी छपराखाली डायनोसॉर. बिर्ला मंदिर दुपारी तसेही काही वेळ बंद असते. त्या वेळात सगळ्यांनी विज्ञान केंद्रात जावे. आजीने बाकावर बसावे, मुलांनी सांगाड्याची हाडे मोजावीत. संध्याकाळी संगमरवर निवाल्यावर मंदिरात जावे. रात्री टेकडीवरून शहराचे दिवे फार छान दिसतात, हा फायदा वेगळाच. यादगिरीगुट्ट्यालाही शक्यतो सकाळच्या थंड वेळी पोहोचावे. वर जायला वाहनाची सोय असताना म्हाताऱ्या माणसाने पायऱ्यांचा हट्ट धरू नये. तशातही उन्हातली फरशी ओलांडावी लागलीच, तर आधी घरातल्या तरुण माणसाने उलटा हात पाच सेकंद दगडावर टेकवून पाहावा. त्याला सोसवत नसेल तर आजीने तिथे पाय ठेवू नये. मधुमेही माणसाचा स्वतःचा अंदाज इथे कामाचा नाही. जाड सुती मोजे बरोबर ठेवावेत आणि मंदिरात चालतात का ते विचारून घालावेत. मात्र मोजे घातले म्हणजे बारा वाजता प्रदक्षिणा घालायला हरकत नाही, असे नव्हे.

दुसरी अडचण उपासाची. दर्शन झाल्याशिवाय पाण्याचा थेंब घेणार नाही असा अनेकींचा नेम असतो. पण सकाळची गोळी मात्र डॉक्टरांनी सांगितली म्हणून घेतलेली असते! इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेऊन रिकाम्या पोटी दोन तास रांगेत उभे राहिले की रक्तातली साखर एकदम खाली येते. दरदरून घाम, हातांना कंप, धडधड, असंबद्ध बोलणे. आजूबाजूच्यांना वाटते अंगात आले. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून ताबडतोब द्यावी. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावी, आणि मग पोळी-भाजी खायला घालावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, १०८ ला फोन करावा. हा क्रमांक महाराष्ट्रात आणि तेलंगणातही चालतो. खिशात साखरेची पुडी हवीच. प्रसादाचा लाडू या कामाला कमी पडतो, त्यातल्या तुपामुळे साखर सावकाश चढते. (प्रसादाला शुगर नसते असे म्हणून चार लाडू खाणारेही मला ठाऊक आहेत. त्यांच्याविषयी पुन्हा केव्हातरी.) नेम मोडवत नसेल तर त्या दिवशीच्या डोसाचे काय करायचे ते आठवडाभर आधी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे, मनाने गोळी बंद करू नये.

इन्सुलिनची कुपी गाडीच्या डिकीत किंवा काचेजवळ ठेवू नये, उन्हाने ते निकामी होते. बर्फालाही थेट टेकवू नये. कुपी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, थंड पाणी भरलेल्या रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये ठेवली तर प्रवास निभावतो. सगळी औषधे आणि चिठ्ठी हातातल्या पिशवीत हवी, टपावरच्या बॅगेत नव्हे.

पायऱ्या चढताना छातीत दडपण आले, जबडा किंवा डावा हात भरून आला, तर तिथेच बसावे. "थोडंच राहिलंय" म्हणून ओढत वर नेऊ नये. पित्त असेल म्हणून सोडा पाजत बसण्यातही वेळ घालवू नये.

रात्री लॉजवर आल्यावर मधुमेही माणसाचे तळवे घरातल्या कोणीतरी दिव्याखाली पाहावेत. बोटांच्या बेचक्याही पाहाव्यात. लाली किंवा फोड दिसला तर वीस मिनिटे साध्या गार वाहत्या पाण्याखाली पाय धरावा. हळद, टूथपेस्ट, शाई, तूप काहीही लावू नये. फोड फोडू नये. स्वच्छ कोरड्या कापडाने झाकून त्याच दिवशी जवळच्या डॉक्टरांना दाखवावे. दुखत नाही म्हणून गावी परतेपर्यंत थांबू नये, कारण या पायांना दुखणारच नसते.

आणि सहलीसाठी म्हणून नवे बूट-चपला ऐन वेळी घेऊ नयेत. घ्यायच्या असतील तर दोन-तीन आठवडे आधी घ्याव्यात, त्याही संध्याकाळी, कारण तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात आणि माप बरोबर मिळते. सुरुवातीला रोज तासभर घरातच वापराव्यात.