आरोग्यविमा सुटल्यावर : दीर्घकालीन वेदनांच्या उपचारांविषयी

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात खाटा, शस्त्रक्रिया व तपासण्या यांचे तक्ते असतात. उपचार मध्येच सोडून गेलेल्या रुग्णांचा तक्ता नसतो. अशा रुग्णांपैकी एका वर्गाविषयी विश्वस्त, देणगीदार आणि रुग्णांचे आप्त यांच्यापुढे काही माहिती ठेवावी, या हेतूने हे टिपण लिहिले आहे.

नोकरी असेपर्यंत कंपनीच्या गट-विम्यात असलेले आणि नोकरी सुटताच विम्याबाहेर पडलेले जुनाट दुखण्याचे रुग्ण, असा हा वर्ग आहे. मणक्याचे विकार, गुडघ्यांची झीज, आमवात, मधुमेहामुळे पायांची होणारी आग, नागीण बरी झाल्यावरही मागे राहणारी वेदना ही त्यांची सर्वसाधारण दुखणी. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या वा पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेस वैद्यकशास्त्र दीर्घकालीन वेदना म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणात तिला स्वतंत्र स्थान मिळाले आहे.

विमा सुटला की आता सर्वच उपचार परवडणार नाहीत, अशी घरच्यांची समजूत होते. ही समजूत तपासून पाहिली पाहिजे. बहुतेक पॉलिसींचा गाभा म्हणजे किमान २४ तास दाखल होऊन घेतलेल्या उपचारांचा खर्च. त्यास जोडून साधारणतः दाखल होण्यापूर्वीचे ३० व घरी गेल्यानंतरचे ६० दिवस यांतील संबंधित औषधे व तपासण्या मिळतात. काही छोट्या प्रक्रियांना २४ तासांची अट नसते. दरमहाच्या गोळ्या, डॉक्टरांची फी आणि फिजिओथेरपी हा खर्च बहुतेक रुग्ण विमा असतानाही पदरचाच करीत होते. विम्याबरोबर गेला तो मुख्यतः उद्या शस्त्रक्रिया करावी लागली तर असणारा आधार. तो आधार लहान नव्हे. परंतु तो गेला म्हणून आजची गोळी बंद करण्याचे कारण नाही. मात्र पगारही त्याच महिन्यात थांबलेला असतो, आणि घरखर्चाची काटछाट सुरू झाली की पहिली कात्री औषधांच्या चिठ्ठीला लागते.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर; औषधांविषयी अधिकारवाणीने लिहिणे माझे काम नव्हे. आमच्या डॉक्टरांनी आवर्जून लिहावयास सांगितलेले तेवढे येथे देतो. मज्जातंतूंच्या वेदनेसाठी दिली जाणारी प्रीगाबालिन, गाबापेन्टिन, अमिट्रिप्टिलिन यांसारखी औषधे, तसेच ट्रामाडॉल, एकाएकी बंद करू नयेत. निद्रानाश, घाबरेपणा, मळमळ, घाम असे त्रास उद्भवतात, क्वचित फेफरेही येते, आणि वेदना उसळते ती निराळीच. ही औषधे थांबवावयाचीच असतील, तर डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवून देतात. दुसरा धोका याहून नित्याचा आहे. चिठ्ठी बंद झाली की रुग्ण औषधाच्या दुकानातून डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ लागतो. त्या स्वस्त असतात व आरामही पडतो. परंतु महिनोन्‌महिने घेतल्यास जठरात व्रण होऊन रक्तस्राव होणे, रक्तदाब वाढणे, मूत्रपिंडे दुबळी होणे हे परिणाम संभवतात. वृद्ध, मधुमेही व आधीच मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना विशेषेकरून. वेदनेवर म्हणून मिळणाऱ्या विनानावाच्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असू शकते, हेही ध्यानात असावे. महिन्याच्या गोळ्यांत वाचवलेली रक्कम आणि एका डायलिसिसचे बिल यांची तुलना करण्यास वैद्यकीय ज्ञान लागत नाही.

यास्तव विनंती अशी, की विमा सुटल्याचे डॉक्टरांना संकोच न बाळगता सांगावे. हे सांगण्याची लाज वाटते असे आम्ही पाहतो. कित्येक जण ‘आता बरे आहे’ असे म्हणून पुढील तारीख घेत नाहीत. प्रत्यक्षात चिठ्ठीत बरेच करता येते. एकाच गोळीत दोन-तीन घटक असलेले महाग औषध टाळून आवश्यक तेवढाच घटक लिहिता येतो. जनऔषधी केंद्रांतील जेनेरिक औषधांचे दर प्रचलित ब्रँडच्या तुलनेत साधारणतः ५० ते ८० टक्के कमी असल्याचे शासन सांगते. फिजिओथेरपीसाठी रोज यावयाचे, त्याऐवजी घरच्या माणसासमोर व्यायाम शिकवून दोन-तीन आठवड्यांनी तपासणी ठेवता येते. मणक्याच्या व गुडघ्याच्या दुखण्यात नियमित व्यायाम हा मूळ उपचारच आहे, काटकसरीचा पर्याय नव्हे.

आता विम्याविषयी. नोकरी सुटणार हे कळताच, पॉलिसीतून नाव कमी होण्यापूर्वी, त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतर करण्याची लेखी मागणी करावी. विमा नियामक प्राधिकरणाच्या नियमांत ही सोय असून, कंपनीने प्रस्ताव स्वीकारल्यास आधी भोगलेल्या प्रतीक्षाकाळाची वजावट मिळते. एकदा खंड पडला, की नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना ३६ महिन्यांपर्यंत थांबावे लागू शकते (१ एप्रिल २०२४ पूर्वी ही मर्यादा ४८ महिने होती). प्रस्तावपत्रात दुखणे लपवू नये. एखादा एजंट तसा सल्ला देतो. दावा नाकारला जातो तेव्हा तो आमच्या बिल खिडकीपाशी उभा नसतो. वैयक्तिक पॉलिसीच्या हप्त्यावरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून माफ झाला आहे, तेवढा भार हलका झाला.

कामगार राज्य विमा योजनेतून किमान पाच वर्षांनंतर निवृत्त झालेल्या कामगारास व त्याच्या जोडीदारास वर्षाला १२० रुपये भरून वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते. तेथे बाह्यरुग्ण औषधेही मिळतात, म्हणून या रुग्णांना ती विशेष उपयोगी. ७० वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान कार्ड आहे. २०२३ सालच्या शासन निर्णयाने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली झाली असून कुटुंबामागे वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. मात्र या शेवटच्या दोन्ही योजना ठराविक उपचारांसाठी दाखल झालेल्या रुग्णास लागू होतात. महिन्याच्या गोळ्या त्यात बसत नाहीत.

आपल्यासारख्या धर्मादाय रुग्णालयास मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेली २००६ सालची योजना बंधनकारक आहे. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात, आणि एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत. योजना उत्तम आहे. परंतु तिचा हिशेब मुख्यतः खाटांवर, आणि पात्रता शिधापत्रिकेवर किंवा तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर. दाखला मिळतो मागील वर्षाच्या उत्पन्नाचा. यंदा नोकरी गेलेल्या माणसाच्या दाखल्यावर गेल्या वर्षीचा पगार असतो. त्यामुळे हातात पैसा नसताना तो कागदावर सुस्थितीत राहतो, व पात्र ठरेपर्यंत वर्ष उलटते. गोळ्या सुटतात त्या याच वर्षात.

या एका वर्षाची सोय कोणत्याही शासकीय तरतुदीत आम्हांस आढळली नाही. देणगीदारांचा ओढा स्वाभाविकपणेच खाट, यंत्र किंवा कक्ष यांकडे असतो. तेथे नामफलक लावता येतो. गोळ्यांच्या पाकिटावर लावता येत नाही. तथापि या रुग्णांना अल्पकाळ, डॉक्टरांची चिठ्ठी व समाजसेवकाची शिफारस पाहून औषधे पुरवावयाची, तर त्यासाठी वेगळी रक्कम हाताशी असणे आवश्यक आहे. निर्धन रुग्ण निधीतून ती घेता येत नाही, कारण त्या निधीला पात्रतेची वरील अट आहे.

ज्यांना या कामी साहाय्य करावयाचे असेल, त्यांनी देणगी देताना सोबतच्या पत्रात ‘बाह्यरुग्ण औषधांसाठी’ असा हेतू स्पष्ट लिहावा. तसे लिहिलेले नसल्यास रक्कम सर्वसाधारण निधीत जमा होते. रुग्णांच्या आप्तांनी जुनी विमा पॉलिसी, नोकरी सुटल्याचे पत्र, शिधापत्रिका व चालू औषधांची चिठ्ठी घेऊन वैद्यकीय समाजसेवकांना भेटावे. औषधे संपण्यापूर्वी आल्यास मात्रा ठरविणे डॉक्टरांना सोपे जाते.