जाळी आणि वेणी

लोकरीच्या विणकामात टाके दोनच, सुलट आणि उलट. खोलात गेलं तर एकच, कारण सुलट टाक्याची पाठ म्हणजेच उलट टाका. एका फासातून दुसरा फास ओढून काढायचा, एवढीच क्रिया. आणि एवढ्याशा क्रियेतून थंडीत गळ्याभोवती घालायचा असा काऊल उभा राहतो, ज्याच्या एका पट्ट्यात नाजूक जाळी असते आणि शेजारच्या पट्ट्यात दोरखंडासारखी पिळाची वेणी. एक कापडाला भोकं पाडते, दुसरी त्याला जाड करते. दोन्हींसाठी धागा मध्ये कुठे कापावा लागत नाही की गाठ मारावी लागत नाही. हे मला अजूनही अद्भुत वाटतं.

आपल्याकडची घोंगडी मागावर होते. तिच्यात धागे उभे-आडवे, ताणून बसवलेले. सुयांवरच्या विणीत मात्र धागा सरळ असा नसतोच, सगळी वळणंच वळणं. म्हणून धागा स्वतः फारसा ताणला जात नसला तरी कापड ताणलं जातं, कारण फास आपला आकार बदलतात. काऊल डोक्यावरून खाली येतो आणि मानेशी पुन्हा आवळून बसतो तो यामुळे. अमेरिकेत जॉर्जिया टेकमध्ये एलिझाबेता मात्सुमोतो या भौतिकशास्त्रज्ञ हेच अभ्यासतात. धागा तोच, पण टाक्यांचा क्रम बदलला की कापडाचा लवचीकपणा कसा बदलतो, हा त्यांचा विषय आहे.

जाळीतलं भोक म्हणजे खरं तर एक जादा टाका. धागा सुईवरून नुसता एकदा फिरवायचा, त्यातून काही ओढायचं नाही. पुढच्या ओळीत तो वेढा विणला की त्याच्याखाली भोक राहतं. पण असे टाके वाढतच गेले तर काऊल पसरेल, म्हणून जवळचे दोन टाके एकत्र विणून हिशेब जुळवायचा. हा जोडटाका उजवीकडे झुकतो की डावीकडे, त्यावर नक्षीची रेघ वळते. पानं, लाटा, पिसं सगळं याच बेरीज-वजाबाकीतून येतं. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटं आहेत, त्यांतल्या अन्स्ट बेटावरच्या बायकांनी एकोणिसाव्या शतकात ही कला कळसाला नेली. मेंढीच्या मानेवरची सगळ्यात मऊ लोकर हाताने अलगद काढायची, अतिशय बारीक कातायची आणि तिची शाल विणायची. अशी तलम शाल, की अख्खी लग्नाच्या अंगठीतून आरपार जावी!

वेणीत टाका वाढतही नाही आणि घटतही नाही, तो फक्त रांगेतली जागा बदलतो. सहा टाक्यांची वेणी घ्या. पहिले तीन एका छोट्या जादा सुईवर उतरवून कापडाच्या पुढे लोंबत ठेवायचे. मागचे तीन आधी विणून घ्यायचे, मग लोंबणारे तीन. पीळ डावीकडे पडला. तेच तीन टाके कापडामागे ठेवले असते तर उजवीकडे पडला असता. दोन्ही बाजूंना उलट टाके ठेवतात, ते मागे सरतात आणि वेणी उठून येते. ओलांडताना टाके ताणले जातात, सुई अडते, आणि कापड रुंदीत आक्रसतं. म्हणून वेणीला साध्या विणीपेक्षा जास्त टाके आणि जास्त लोकर लागते.

वेण्यांचं नाव निघालं की आयर्लंडच्या अॅरन बेटांचे स्वेटर आठवतात. तिथल्या प्रत्येक घराण्याची वेगळी नक्षी असे आणि बुडालेला कोळी तीवरून ओळखला जाई, असं सर्रास सांगतात. ते खरं नाही; अशी परंपरा रुजावी इतके हे स्वेटर जुने नाहीत, ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे. पण या दंतकथेला जिचा आधार आहे, ती गोष्ट मला अधिक भिडते. आयरिश नाटककार जे. एम. सिंग यांच्या १९०४ सालच्या नाटकात बहीण बुडालेल्या भावाला ओळखते ती मोज्यावरून. स्वतःच्या हातून किती टाके घातले गेले आणि किती सुटले, हे तिला पाठ असतं.

आता भोकांच्या काऊलमध्ये ऊब कुठून येते? लोकरीच्या तंतूपेक्षाही स्थिर हवा उष्णता कमी वाहू देते, आणि कुरळे तंतू, वेण्यांखालच्या पोकळ्या हीच हवा धरून ठेवतात. एकेरी जाळीतून वारा शिरतो हे खरंच. पण काऊल मानेशी घड्या पडून बसतो, तेव्हा एका थरातल्या भोकामागे दुसऱ्या थराची वीण येते. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा पिऊनही ओली लागत नाही, आणि तो पिताना थोडी उष्णता सोडते. श्वासाची वाफ सतत लागणाऱ्या ठिकाणी हे फार मोलाचं.

सुईवरून उतरलेली जाळी मात्र चुरगळलेली दिसते. तिला कोमट पाण्यात भिजवावं लागतं. पाण्याने लोकरीतल्या केराटिनचे हायड्रोजन बंध सैल होतात. जाळी टाचण्यांनी ताणून वाळवली की ते नव्या जागी जुळतात आणि भोकं उघडी राहतात. वेणी अशी ताणली तर सपाट होते. म्हणून या काऊलला टाचण्या जाळीच्या पट्ट्यांपुरत्याच लावाव्यात, आणि ओल्या वेणीला चिमटीत धरून उठाव देऊन तशीच वाळू द्यावी.