गुडघ्यातली अक्कल

मराठीत गुडघ्याला फारशी इज्जत नाही. बिनडोक माणसाची अक्कल गुडघ्यात असते, उतावळ्या नवऱ्याचं बाशिंग गुडघ्याला असतं आणि हरलेला माणूस गुडघे टेकतो. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षापर्यंत मीही या अवयवाकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. मग डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापुरात, सेरंगूनमधल्या आमच्या ब्लॉकखाली माझा डावा गुडघा फिरला.

इथला डिसेंबरातला पाऊस आमच्या साताऱ्यासारखा दिवसभर टिपटिपत बसत नाही. तासभर बादल्या ओततो आणि निघून जातो. छपराच्या वाटेच्या टोकाला फरशी ओली होती. पाऊल जमिनीलाच राहिलं आणि मी मात्र वळले. आतून आवाज आला, शेवग्याची ओली शेंग मोडावी तसा. दुखलं त्या मानाने कमी. मी उठून लिफ्टपर्यंत चालत गेले आणि घरी पोहे केले. संध्याकाळपर्यंत गुडघ्याची वाटी दिसेनाशी झाली होती.

फाटली होती ती मेनिस्कस, आपण तिला गुडघ्यातली गादी म्हणतो. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये अशा दोन चंद्रकोरी असतात, आतल्या बाजूला एक आणि बाहेरच्या बाजूला एक. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत काही शल्यचिकित्सक त्यांना स्नायूंचा निरुपयोगी अवशेष समजत. एडिंबरात थॉमस अ‍ॅनंडेल यांनी १८८३ मध्येच अशी गादी शिवून दाखवली होती, तरी पुढची कित्येक दशकं फाटली की काढून टाक हाच शिरस्ता राहिला. गादी काढलेल्या गुडघ्यात पुढे हाडांची झीज कशी दिसते, ते १९४८ मध्ये फेअरबँक यांनी क्ष-किरण चित्रांवरून मांडलं. आता शिवता आली तर शिवतात. पण रक्त पोचतं ते गादीच्या बाहेरच्या कडेलाच, आतला भाग कोरडा. माझी फाट कडेला होती, म्हणून जानेवारीत टाके पडले. "कडेला आहे, लकी," असं रुग्णालयातल्या नर्सनं मला सांगितलं. कुबड्यांवर सहा आठवडे काढणाऱ्या बाईला हे नशीब समजायला जरा वेळ लागतो.

त्या सहा आठवड्यांत मी सेरंगून पहिल्यांदा नीट पाहिलं. कुबड्यांवर माणूस ताशी एखादा किलोमीटर जातो, त्यामुळे दिसतं खूप. अपर सेरंगून रोड ओलांडायला सिग्नलवरचा हिरवा माणूस किती कमी सेकंद थांबतो, हे मला पूर्वी कधी जाणवलंच नव्हतं. एका चिनी आजोबांनी ते ओळखलं असावं. इथं २००९ पासून अशी सोय आहे की ज्येष्ठांनी आपलं कार्ड सिग्नलच्या खांबावरच्या यंत्राला लावलं की हिरवा माणूस काही सेकंद जास्त थांबतो. आजोबांनी कार्ड लावलं, माझ्याकडे पाहून मान हलवली आणि माझ्या वेगाने शेजारून चालत राहिले. पलीकडे पोचल्यावर एक शब्द न बोलता आपल्या वाटेला लागले.

चालायची शाळा व्हॉइड डेकमध्ये भरली. सरकारी इमारतींचा तळमजला इथं मोकळा ठेवलेला असतो. खांब, सिमेंटची बाकं आणि बुद्धिबळाचा पट कोरलेलं एखादं टेबल, एवढंच सामान. त्याच जागी एका शनिवारी मलय लग्नाचा मांडव पडतो आणि दुसऱ्या आठवड्यात चिनी कुटुंबाचा मृताशेजारचा जागर असतो. खांबापासून खांबापर्यंत मी टाच-मग-चवडा, टाच-मग-चवडा असं घोकत चालायचे. एकदा मध्ये पांढरा तंबू लागला, तर चार दिवस शेजारच्या ब्लॉकखाली गेले.

पण खरी गोम चालण्यात नव्हती. फिजिओने गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून सांगितलं, "दाबा." मी दाबलं. काहीच झालं नाही. मांडीचा पुढचा स्नायू दगडासारखा पडून राहिला. उजवीकडे तोच हुकूम दिला की मांडी टणक व्हायची, डावीकडे मात्र जणू फोन लागतच नव्हता. याचं कारण तिने सांगितलं तेव्हा मला गुडघ्याबद्दल पहिल्यांदा आदर वाटला. सांध्यात वीस-तीस मिलिलिटर पाणी साचलं तरी तिथल्या मज्जातंतूंच्या टोकांकडून मणक्याकडे निरोप जातो आणि मांडीचा स्नायू आवरता घेतला जातो. तुमची इच्छा विचारलीच जात नाही. म्हणजे अक्कल गुडघ्यात असते, आणि ती डोक्याचं ऐकत नाही!

मांडी सुकत चालली होती. टेक्का मार्केटजवळच्या दुकानातून मी शिंप्याची टेप आणली. वाटीच्या वर दहा सेंटिमीटरवर मांडीचा घेर घ्यायचा आणि वाटीच्या मध्यावर गुडघ्याचा. मार्चमध्ये डावी मांडी उजवीपेक्षा तीन सेंटिमीटरने बारीक होती. मांडीचा आकडा वाढायला हवा आणि गुडघ्याचा कमी व्हायला हवा, हा पुढच्या काही महिन्यांचा माझा जमाखर्च.

आईचा व्हिडिओ कॉल रोज व्हायचा. "निर्गुडीचं तेल लाव, कोमट करून. आणि पळायचं खूळ आता सोड. देवानं गुडघे दोनच दिलेत." तेल मी लावत होते, सूज त्याने उतरत नाही हे तिला न सांगता. पळण्याबद्दल मात्र वाद घातला. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेले आकडे माझ्याकडे होते. हौसेने पळणाऱ्यांमध्ये खुब्याची किंवा गुडघ्याची झीज ३.५ टक्क्यांना दिसली, न पळणाऱ्यांमध्ये १०.२ टक्क्यांना. आईने ऐकून घेतलं. म्हणाली, "त्यातल्या कितींना टाके घातलेले होते?" प्रश्न चोख होता, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मांडी घालून बसायला बंदी होती, उकिडवं बसायला तर त्याहून जास्त. खोल वाकल्यावर गादीचा मागचा भाग चिमटीत सापडतो. मराठी घरात ही बंदी फार महागात पडते. पाडव्याला मी खुर्चीत बसून गुढीला नमस्कार केला आणि आरतीत आमच्याकडच्या सगळ्या आज्यांच्या रांगेत सामील झाले.

मग एका पायावर उभं राहणं सुरू झालं. आधी डोळे उघडे, मग मिटून. डोळे मिटले की गुडघा आपण अवकाशात कुठं आहोत ते स्वतःच चाचपू लागतो. सांध्याच्या आवरणात आणि अस्थिबंधांत त्यासाठीचे बारीक संवेदक असतात, इजा झाली की त्यांचं गणित चुकतं. पहिल्या दिवशी मी चार सेकंद टिकले. 'सेरंगून' हे नाव मलय भाषेतल्या 'रंगोंग' या पक्ष्यावरून आलं असं म्हणतात. पूर्वी इथल्या दलदलीत हा लांब पायांचा पक्षी दिसायचा. स्वयंपाकघरात ओट्याला बोट टेकून मी एका पायावर डुलत असताना मुलगा म्हणाला, "आई, रंगोंग!" पुढे घरात तेच नाव पडलं.

मेच्या अखेरीस पळायची परवानगी मिळाली. परवानगी म्हणजे एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, असं आठ वेळा, एक दिवस आड. सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढून उतरलेल्या माणसाला हे ऐकून हसू येतं. पहिलं मिनिट संपलं तेव्हा हसू कुठल्या कुठं गेलं होतं.

यिओ चू कांग रोडवरचं सेरंगून स्टेडियम घरापासून लांब नाही. पहाटे पावणेसहाला तिथं मिट्ट काळोख असतो. विषुववृत्ताला खेटून असूनही सूर्य सातला उगवतो, कारण १ जानेवारी १९८२ ला या देशाने घड्याळ मलेशियाबरोबर अर्धा तास पुढे नेलं. त्या काळोखात हवा पाण्यासारखी जड. दहा मिनिटांत टीशर्ट पिळून काढावा लागतो, आणि शेजारच्या जलतरण तलावाचा क्लोरीनचा वास ट्रॅकवर येत राहतो. बाहेरच्या लेनमध्ये आज्या हात हलवत उलट्या दिशेने चालतात. त्यांच्याबरोबर एक अंकल, डोक्याला टॉवेल बांधलेले, माझ्याकडे प्रत्येक फेरीत दोनदा बघायचे आणि बोलायचे एकदाही नाहीत.

फिजिओने एक अट घातली होती, सरळ भागावर पळायचं आणि वळणावर चालायचं. प्रमाण चारशे मीटरच्या ट्रॅकवर एकेक सरळ भाग ८४.३९ मीटरचा असतो. ट्रॅकवर नेहमी घड्याळाच्या उलट पळतात, त्यामुळे वळणावर आतला पाय डावा आणि माझा शिवलेला पायही डावाच. मिनिटांचा हिशेब सोडून मी या भूमितीवर आले. सरळ, वळण, सरळ, वळण. वळणावर चालताना सगळे मला ओलांडून जायचे. तेवढं सोसायची सवय लावून घ्यावी लागते, आणि ती स्नायूंच्या ताकदीपेक्षा सावकाश येते.

दुसरी अट पावलांची. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं होतं की वेग तोच ठेवून पावलांची संख्या पाच-दहा टक्क्यांनी वाढवली, म्हणजे पाऊल आखूड केलं, की गुडघ्यावरचा भार चांगलाच उतरतो. माझी पावलं मिनिटाला १५८ पडत होती, ती १७० वर आणायची होती. फोनमधल्या टिकटिकीने डोकं उठलं. शेवटी शाळेतली लेझीम कामाला आली. मनात ती छनछन चालू ठेवली की पाय आपोआप शरीराखाली पडायला लागले. आवाजही बदलला. पूर्वीचं 'थप्' जाऊन काहीतरी चुटपुटतं ऐकू यायला लागलं.

तिसरी अट सगळ्यांत साधी आणि सगळ्यांत छळणारी. पळताना दहापैकी दोन-तीन इतकं दुखलं तर चालेल, पण निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी. तेव्हा गुडघा कालच्यासारखाच असेल तर पुढची पायरी, फुगला असेल तर मागची. या गुडघ्याला लगेच उत्तर देता येत नाही. तुम्ही विचारता पहाटे सहाला, तो सांगतो चोवीस तासांनी.

हे कळून सहा आठवडे झाल्यावर मी गुडघ्याला बाशिंग बांधलं. जुलैतला एक रविवार होता, हवा चक्क कोरडी. पाय इतके हलके वाटले की स्टेडियममधून बाहेर पडून सेरंगून गार्डनकडे वळले. केन्सिंग्टन पार्क रोडसारखी विलायती नावं लावलेले बंगल्यांचे रस्ते चढउताराचे आहेत. वाटेतल्या दिव्याच्या प्रत्येक खांबावर क्रमांक असतो. पुढच्या खांबापर्यंत, मग त्याच्या पुढच्या, असं करत तीन किलोमीटर एका दमात झाले. उतारावर तर मी वेगही वाढवला. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, हे मला यवतेश्वरपासून माहीत होतं. त्या दिवशी काही दुखलं नाही. चॉम्प चॉम्प या खाद्यकेंद्राच्या बंद गाळ्यांसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिले तेव्हा मी पूर्वीची मी होते.

सोमवारी सकाळी टेपने सांगितलं, गुडघा दोन सेंटिमीटरने जास्त. एमआरटी स्टेशनचा जिना उतरताना कठडा धरावा लागला. फिजिओ रागावली नाही. तिने वहीत मागच्या महिन्याचं पान उघडलं आणि म्हणाली, "ओके, फ्रॉम हिअर." तीन आठवडे गेले.

त्याच महिन्यात अविनाश साबळेची बातमी आली. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा पोरगा. पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये २०२४ साली ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८:०९.९१ असा राष्ट्रीय विक्रम त्याने केला होता. ११ जुलै २०२५ ला मोनॅकोत तो पाण्याच्या उडीवर पडला. अस्थिबंध फाटला, गादीलाही इजा. मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि सप्टेंबरची टोकियोतली जागतिक स्पर्धा हुकली. त्याची शर्यत म्हणजे २८ अडथळे आणि सात वेळा पाण्याची उडी, त्यातून उतरताना दरवेळी सगळा भार एका पायावर. माझ्या आणि त्याच्या पळण्याची तुलना करणं म्हणजे काजव्याने सूर्याशी नातं सांगणं. पण एवढं मला कळत होतं की मुंबईतल्या एखाद्या खोलीत त्याच्याही गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून कुणीतरी "दाब" म्हणत असेल, आणि पहिल्या दिवशी त्याचीही मांडी कदाचित ऐकणार नाही. ती बातमी मी आईला पाठवली. तिने उत्तरात लिहिलं, "बिचाऱ्याच्या आईला काय वाटलं असेल." मग अर्ध्या तासाने, "तुझा कसा आहे?"

ऑक्टोबरात मांड्यांमधला फरक एक सेंटिमीटरवर आला. वळणावरही पळायची परवानगी मिळाली. नोव्हेंबरच्या एका पहाटे साडेबारा फेऱ्या, न थांबता. पाच किलोमीटर व्हायला अडतीस मिनिटं लागली. पूर्वी मी तेवढ्यात सात करायचे. शेवटच्या फेरीत पायात अजून बरंच शिल्लक होतं, ढग होते, वारा होता, आणि तेरावी फेरी समोर पडलेली होती. मी थांबले.

टॉवेलवाले अंकल उलट्या दिशेने येत होते. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी तोंड उघडलं. "फिनिश ऑलरेडी?"

"फिनिश, अंकल."

त्यांनी माझ्या गुडघ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कॅन रन सम मोअर, व्हॉट."

"टुमॉरो मॉर्निंग आय विल आस्क," मी म्हटलं. कुणाला विचारणार, ते त्यांनी विचारलं नाही. घरी येऊन टेप उशाशी ठेवली.