न घडलेल्या गुन्ह्याचे श्रेय

चोरी झाल्यावर धावून येणारा पोलिस आणि चोरी होऊ नये म्हणून आधीच गल्लीबोळांतून फेरी मारणारा पोलिस, या दोघांचा गणवेश एकच व वेतनही एकच. मग दुसऱ्याने आपण होऊन अधिक कष्ट का घ्यावेत? या प्रश्नाचे सरळ उत्तर सरकारने शोधावयास हवे.

घडलेल्या गुन्ह्याची नोंद ठाण्याच्या वहीत होते. टळलेल्या गुन्ह्याची कोठेच होत नाही. उलट नोंदींचा आकडा फुगला की ठाण्याच्या अधिकाऱ्यास जाब द्यावा लागतो. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नोंदविलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने ललिताकुमारी खटल्यात २०१३ साली बजावले. तथापि आकड्यालाच अपयश मानण्याची रीत जोवर चालू आहे, तोवर फिर्यादीस परत धाडण्याचा मोह सुटणार कसा?

दुसरी गोष्ट बदलीच्या भयाची. बड्या आसामीवर हात टाकणाऱ्यास उद्या आपण याच ठाण्यात असू की नाही, याची शाश्वती नसेल, तर स्वस्थ बसणे हेच त्यास शहाणपणाचे वाटेल. प्रकाश सिंह खटल्यात २००६ साली न्यायालयाने ठाणेप्रमुखास किमान दोन वर्षांची मुदत देण्याचा आदेश दिला. महाराष्ट्राने २०१४ साली कायदाही दुरुस्त केला. परंतु लोकहित व प्रशासकीय निकड या सबबींखाली मुदतीपूर्वी बदली करण्याची वाट त्यात ठेवलीच आहे. ही वाट अपवादाचीच राहते की राजमार्ग बनते, यावर सारे अवलंबून आहे.

मुंबईच्या देवनार ठाण्यात २०१६ साली आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला. ती कल्पना कोणा समितीची नव्हती. त्याच ठाण्यातील एका शिपायाने ती मांडली व पोलिस आयुक्तांनी ती मनावर घेतली. बारा-बारा तास बंदोबस्तात उभ्या राहणाऱ्या माणसाकडून उत्साहाची अपेक्षा करणे व्यर्थ होय, हे तर यातून दिसलेच. पण आपले म्हणणे ऐकले जाते असे दिसताच साधा शिपाईही खात्याचा विचार करू लागतो, हा धडा आम्हांस अधिक मोलाचा वाटतो.

पदके व प्रशस्तिपत्रे अवश्य द्यावीत. मात्र प्रामाणिक धडपडीत चूक झाली तर वरिष्ठ पाठीशी उभे राहतील, हा भरवसा आधी द्यावा. काहीच न करणाऱ्याच्या हातून चूक घडत नाही. त्याचीच सेवापुस्तिका निष्कलंक ठरणार असेल, तर जनतेने रक्षणासाठी कोणाकडे पाहावे?