शिदोरीविना माड

मोड आलेला नारळ फोडला की आत गोडसर, मऊ गोळा सापडतो. कोकणातली पोरे तो मिटक्या मारत खातात. माडाच्या कोंबासाठी मात्र ती वर्षभराची शिदोरी असते. गोळा खोबरे शोषून वर पाठवत राहतो, त्यामुळे पहिली पाने फुटली तरी रोपाला स्वतः कमावण्याची घाई नसते.

फिलिपिन्समधल्या मकापुनो नारळाची पंचाईत इथेच होते. त्याचे खोबरे घट्ट बनत नाही, करवंटीत दाट, मऊ गर साठतो. आइस्क्रीममध्ये आणि ‘हालो-हालो’ या बर्फाच्या गोड पदार्थात त्याला मोठी मागणी. पण जमिनीत पुरला तर रुजत नाही. गर्भ धडधाकट असतो. गरातली शर्करा मोडणारे विकर कमी पडते, म्हणून भरल्या ताटाशी बसून तो उपाशी मरतो.

फिलिपिन्समधल्याच लॉस बान्योसच्या संशोधक एमेरिता दे गुझमन यांनी १९६०च्या दशकात हा गर्भ अलगद काढून काचेच्या नळीत, साखर व क्षारांच्या माध्यमावर वाढवला. १९६४ साली त्यावरचा निबंध प्रसिद्ध झाला. रोप तयार झाले. खरी कसोटी नळीबाहेर होती.

नळीत हवा दमट, प्रकाश मंद, साखर आयती. अशा लाडात वाढलेल्या पानावर मेणाचा थर पातळ राहतो आणि पर्णरंध्रे वेळेवर मिटत नाहीत. उघड्यावर ठेवले तर ते बघता बघता सुकते. म्हणून मुळांना चिकटलेले माध्यम आधी हळुवार धुतात. साखरेचा अंश उरला तर बुरशी धावत येते. मग बुरशीनाशकात बुडवून रोप निर्जंतुक वाळू-मातीत किंवा काथ्याच्या भुशात लावायचे, वरून प्लास्टिकची पिशवी, भोवती सावली. पिशवीला आधी भोके, मग ती थोडी थोडी उघडायची. हार्डनिंग म्हणतात ते हेच. टिश्यू कल्चर केळीचे रोप यातून दीड-दोन महिन्यांत सुटते. माडाचे काम महिनोन्‌महिने चालते, कारण नळीतली पाने फारशी सुधारत नाहीत. बाहेरच्या हवेत फुटलेल्या नव्या पानांचीच वाट पाहावी लागते, आणि माड पाने सावकाश काढतो.

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठातील संशोधकांनी दुसरी वाट धरली. नळीतच साखर बंद करून हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढवायचा, म्हणजे रोप बाहेर येण्याआधीच प्रकाशावर अन्न बनवू लागते. २०१४ साली प्रसिद्ध झालेली ही युक्ती जास्त पटते. पिशवी रोपाला नुसते जपते. इथे ते कमावते होते.

मोठ्या झालेल्या मकापुनोला शेजारही निवडून द्यावा लागतो. त्याचा गुण अप्रभावी असल्याने साध्या माडाचा पराग येऊन पडला की तो नारळ साधाच निपजतो. म्हणून या बागा इतर माडांपासून दूर लावतात.